महमूद गवान

महमूद गवान (जन्म : इ. स. १४११ च्या सुमारास, गिलान, इराण; मृत्यू : ५ एप्रिल १४८१, कोंडापल्ली) हा बहमनी सल्तनतीचा मुख्य वजीर होता. सुमारे वीस वर्षे राज्यकारभाराची सूत्रे प्रत्यक्षात त्याच्या हाती होती. गोव्यापासून ओरिसाच्या सीमेपर्यंत बहमनी सत्तेचा जो सर्वांत मोठा विस्तार झाला, तो त्याच्या कारकिर्दीत झाला. शालेय इतिहासात त्याची ओळख बहुधा तीन-चार ओळींत आटोपते : सैन्यात शिस्त, महसुलात सुधारणा, बीदरचा मदरसा. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत; पण त्या सुधारणांनी कोणाचे काय हिरावून घेतले आणि त्याची किंमत वजिराला कशी मोजावी लागली, हा त्याच्या कारकिर्दीचा गाभा आहे. वऱ्हाडच्या दृष्टीने तर गवानचे नाव विशेष महत्त्वाचे, कारण वऱ्हाडचे दोन भाग त्याने पाडले आणि त्यांतल्या एका भागातून पुढे अचलपूरची इमादशाही उभी राहिली.

पूर्वायुष्य आणि बीदरमध्ये आगमन

त्याचे पूर्ण नाव ख्वाजा इमादुद्दीन महमूद गिलानी. कास्पियन समुद्राच्या दक्षिण काठावरील गिलान प्रांतात गावान (कावान) नावाच्या गावी त्याचा जन्म झाला आणि गावाचे नावच त्याच्या नावाला कायमचे चिकटले. घराणे तिथल्या दरबारात मानाच्या पदांवर होते, परंतु दरबारी वैरामुळे त्याला मायदेश सोडावा लागला. पुढे त्याने व्यापार पत्करला. व्यापाराबरोबरच विद्वानांच्या संगतीची त्याला ओढ होती, आणि ही दुहेरी ओढ त्याच्या पुढील सर्व आयुष्यात दिसते.

इ. स. १४५३ च्या सुमारास तो कोकणातील दाभोळ बंदरात उतरला. त्या वेळी त्याने चाळिशी ओलांडली होती. तेथून तो राजधानी बीदरला आला. बीदर आज कर्नाटकात असले तरी जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठी मुलखात आले. त्यामुळे या शहराचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद याने या परदेशी व्यापाऱ्याची चौकस बुद्धी हेरून त्याला सेवेत घेतले. तेलंगणातील नलगोंडा येथे जलालखान याने बंड केले, तेव्हा ते मोडून काढण्याची कामगिरी गवानकडे सोपविण्यात आली. त्याने ती पार पाडली आणि पराभूतांच्या जिवासाठी सुलतानाकडे रदबदलीही केली.

पुढचा सुलतान हुमायून (राज्यकाल १४५८–१४६१) क्रूरपणासाठी कुप्रसिद्ध होता. इतिहासकारांनी त्याला ‘जालीम’ हे विशेषण जोडले आहे. त्याच सुलतानाने गवानला ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, हा किताब आणि विजापूरची सुभेदारी दिली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दरबारातील दोन तट

गवानची कारकीर्द समजण्यासाठी बहमनी दरबारातील तटबंदीची माहिती आवश्यक आहे. एका बाजूला ‘दख्खनी’ होते : पूर्वी उत्तरेकडून येऊन इथे रुळलेली मुसलमान घराणी आणि इथलेच धर्मांतरित सरदार. हबशी सरदार बहुतेक वेळा त्यांच्याबरोबर असत. दुसऱ्या बाजूला ‘आफाकी’ म्हणजे समुद्रामार्गे नव्याने आलेले इराणी, तुर्क व अरब. दख्खनींना ते उपरे वाटत, आणि सुलतानांना मात्र त्यांचा उपयोग होई, कारण इथे ज्याचे गणगोत नाही तो सरदार सुलतानाच्याच कृपेवर अवलंबून राहतो. पंधराव्या शतकाच्या मध्याला कोकणातील एका फसलेल्या मोहिमेतून जीव वाचवून चाकणच्या किल्ल्यात आलेल्या आफाकी सैनिकांची दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरून कत्तल घडविली होती. गवान दाभोळला उतरला तेव्हा ही आठवण ताजी होती.

गवान स्वतः आफाकी होता; पण पदे वाटताना त्याने दोन्ही तटांचे पारडे समतोल ठेवण्याचा प्रयत्न केला. आठ प्रांतांच्या अधिकाऱ्यांची नावे पाहिली तर त्यांत आफाकी, दख्खनी आणि हबशी असे तिन्ही आढळतात. अशा समतोलाने वैर मिटेल ही त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते मिटले नाही.

राजमाता आणि वजीर

हुमायूनच्या मृत्यूनंतर १४६१ मध्ये त्याचा आठ वर्षांचा मुलगा निजामशाह गादीवर आला. कारभार तिघांच्या मंडळाकडे गेला : राजमाता मखदूमा-इ-जहाँ, ख्वाजा जहाँ तुर्क आणि महमूद गवान. राजमाता ही विलक्षण करारी बाई होती. दोन्ही अमीर राज्याच्या कामकाजावर तिचा सल्ला घेत आणि तिच्या अनुमतीने निर्णय होत. १४६३ मध्ये बालसुलतान एकाएकी मरण पावला आणि त्याचा धाकटा भाऊ तिसरा मुहम्मद (राज्यकाल १४६३–१४८२) गादीवर बसला. तोही नऊ-दहा वर्षांचाच होता.

ख्वाजा जहाँ तुर्क याने हळूहळू सत्ता आपल्या मुठीत घेण्यास सुरुवात केली, तेव्हा १४६६ मध्ये राजमातेच्या संमतीने त्याला भर दरबारात ठार करण्यात आले. त्याची जागा आणि ‘ख्वाजा जहाँ’ हा किताब गवानला मिळाला. आपल्या आधीच्या वजिराचा शेवट कसा झाला हे गवानने डोळ्यांनी पाहिले होते. सुलतान वयात आल्यावर राजमातेने कारभारातून अंग काढून घेतले, तरी तिचा शब्द दरबारात वजनदार राहिला. ती गवानला भाऊ मानीत असे.

माळव्याशी संघर्ष आणि वऱ्हाड

अल्पवयीन राजा गादीवर आहे असे पाहून शेजाऱ्यांनी उचल खाल्ली. माळव्याचा सुलतान महमूद खिलजी याने निजामशाहाच्या काळात स्वारी करून थेट बीदर शहर घेतले. गवानने गुजरातच्या महमूद बेगड्याची मदत मिळवून माळव्याच्या सैन्याची रसद तोडली. परतीचे नेहमीचे मार्ग बंद झाल्यामुळे खिलजीला वऱ्हाडच्या उत्तरेकडील गोंडवनाच्या जंगलातून वाट काढावी लागली. त्या वाटेवर पाण्यावाचून त्याच्या सैन्याचे अतोनात हाल झाले.

वादाचे मूळ होते खेरला. सध्याच्या मध्य प्रदेशातील बैतूलजवळचा हा किल्ला सातपुड्याच्या पलीकडून वऱ्हाडात उतरण्याच्या वाटांवर नजर ठेवतो. १४६७ मध्ये बहमनी सैन्याने तो जिंकला. पण शरण आलेल्या शिबंदीतील रजपुतांनी विजयी सेनापतीलाच ठार केले. शेवटी १४६८ च्या सुमारास तह झाला. खेरला माळव्याकडे राहिला आणि अचलपूरसह वऱ्हाड बहमनींकडे. एक किल्ला सोडून प्रांत निर्विवाद करून घेण्याचा हा व्यवहार होता. व्यापाऱ्याच्या हिशेबी वृत्तीला तो शोभणारा आहे. त्यानंतर गवानच्या हयातीत वऱ्हाडला उत्तरेकडून मोठा उपद्रव झाला नाही.

कोकण व गोवा

गवानच्या लष्करी कर्तबगारीची खरी कसोटी सह्याद्रीत लागली. खेळणा (आजचा विशाळगड) व संगमेश्वर येथील राजे घाटवाटा आणि किनारा राखून होते. त्यांची जहाजे अरबी समुद्रातील व्यापाऱ्यांना व मक्केच्या यात्रेकरूंना लुटतात, अशी बीदरची तक्रार होती. याच मुलखात पूर्वीच्या बहमनी फौजेचा धुव्वा उडाला होता. १४६९ मध्ये गवान जातीने मोहिमेवर निघाला. दाट झाडीत घोडदळ निरुपयोगी ठरते हे ओळखून त्याने बरोबरचे घोडदळ परत पाठविले आणि जुन्नर, चाकण, वाई, दाभोळ, चौल या भागांतील स्थानिक तुकड्यांवर भिस्त ठेवली. जंगल तोडीत, जाळीत सैन्य पुढे सरकले. पावसाळा सुरू झाला की तो कोल्हापूरला गवताच्या झोपड्या उभारून छावणी करी आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा घाट उतरे. रांगणा, खेळणा, संगमेश्वर अशी ठाणी एकेक करून पडली. काही ठिकाणी तोफांपेक्षा वाटाघाटी आणि पैसा अधिक उपयोगी पडला.

१४७२ मध्ये त्याने जमीन व समुद्र अशा दोन्ही बाजूंनी गोव्यावर चाल केली आणि विजयनगरचे हे महत्त्वाचे बंदर घेतले. अरबस्तानातून येणारे घोडे गोव्यात उतरत. म्हणून या विजयामुळे विजयनगरच्या घोडदळाची रसदच बहमनींच्या हाती आली.

या मोहिमेच्या काळात गवानने लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत विजयाच्या बातम्यांबरोबर एक सततची तक्रार आढळते : बीदरमधील विरोधक आपल्याला वेळेवर कुमक व पैसा मिळू देत नाहीत. सैन्य शत्रूच्या मुलखात आणि शत्रू स्वतःच्या राजधानीत, अशी त्याची अवस्था होती.

तो बीदरला परतला तेव्हा शहरात मोठा उत्सव झाला. सुलतान आठवडाभर त्याच्या वाड्यात पाहुणा म्हणून राहिला. फिरिश्ता या इतिहासकाराने पुढची हकीकत दिली आहे. सुलतान निघून गेल्यावर गवान आपल्या खोलीत गेला, अंगावरची भरजरी वस्त्रे उतरवून खूप रडला आणि मग शहरातील विद्वान व फकिरांना बोलावून स्वतःजवळची संपत्ती वाटून टाकली. केवळ ग्रंथ, घोडे आणि हत्ती तेवढे ठेवले, कारण घोडे-हत्ती सुलतानाचे होते आणि ग्रंथ विद्यार्थ्यांसाठी होते.

यानंतर बेळगावचा वेढा झाला. किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग खोदून दारूने तट उडविण्याची युक्ती गवानने येथे वापरली; दख्खनमधील तिचा हा सुरुवातीचा नोंदलेला प्रयोग मानला जातो. याच मोहिमेच्या सुमारास राजमाता मरण पावली. गवानचा दरबारातील सर्वांत भक्कम आधार त्या दिवशी गेला.

तरफांची फेरमांडणी

बहमनी राज्याचे स्थापनेनंतर चार प्रांत होते. त्यांना ‘तरफ’ म्हणत : गुलबर्गा, दौलताबाद, तेलंगण आणि वऱ्हाड. तरफदार म्हणजे आपल्या प्रांतातला जवळजवळ राजाच. सैन्य तो ठेवी, महसूल तो गोळा करी, आणि प्रांतातील सर्व किल्ल्यांवर आपली माणसे तोच नेमी. राज्य लहान होते तोवर हे चालून गेले. गोवा आणि पूर्व किनारा राज्यात आल्यावर हे चारही प्रांत इतके फुगले, की तरफदाराने मनात आणले तर सुलतानाला आव्हान देणे त्याला अवघड नव्हते.

गवानने चारांचे आठ केले. वऱ्हाडचे गावील व माहूर. दौलताबादचे दौलताबाद व जुन्नर. गुलबर्ग्याचे विजापूर व गुलबर्गा. तेलंगणाचे राजमहेंद्री व वरंगळ. गावील म्हणजे मेळघाटातील गावीलगड. चिखलदऱ्याला जाणाऱ्या प्रवाशांना तो परिचित आहे. उत्तर वऱ्हाडचा हा भाग फतहउल्ला इमाद-उल-मुल्क याच्याकडे राहिला. माहूरचा दक्षिण भाग खुदावंदखान हबशी याला मिळाला. फतहउल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी युद्धात पकडला जाऊन तो वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला आणि कर्तृत्वाने वर चढला.

नकाशावर रेघा ओढणे हा या सुधारणेचा सोपा भाग होता. अवघड भाग पुढे आहे. यापुढे तरफदाराच्या ताब्यात प्रांतातील एकच किल्ला राहील, बाकी सर्व किल्ल्यांचे किल्लेदार सुलतान नेमील व त्यांचा पगार मध्यवर्ती खजिन्यातून होईल, असे ठरले. वऱ्हाडच्या वाचकाला याचा अर्थ सहज कळेल. ज्या सरदाराकडे गावीलगड आणि नरनाळा दोन्ही असतात, त्याला मैदानात हरला तरी डोंगरात आश्रय असतो. त्यांतला एक काढून घेतला की तो सरदार सरकारी नोकर होतो. शिवाय प्रत्येक तरफेतील काही महाल थेट सुलतानाच्या खालशात घेण्यात आले. जमिनीची मोजणी करून गावांच्या सीमा व महसुलाचे आकार ठरविण्याचे कामही हाती घेतले गेले.

सैन्याच्या पगारातही बदल झाला. पाचशे स्वारांच्या सरदाराचे वार्षिक वेतन १ लाख होनांवरून १ लाख २५ हजारांवर, तर हजार स्वारांच्या सरदाराचे २ लाखांवरून अडीच लाखांवर नेण्यात आले. जहागिरीचे उत्पन्न या रकमेपेक्षा कमी भरले तर तूट खजिन्यातून भरून मिळे. पण त्याबरोबर अट अशी, की ठरलेल्या संख्येपेक्षा एकही स्वार कमी आढळला तर त्याच्या वाट्याची रक्कम परत घेतली जाईल. कागदावर पाचशे आणि मैदानात तीनशे, हा सर्वकालीन व्यवहार त्याने बंद करू पाहिला. वेतन वाढवून हजेरी कडक करणारा हा नियम सैनिकाला न्याय्य आणि सरदाराला जाचक होता.

या सर्व व्यवस्थेत एक उणीव होती, आणि ती गवानच्या लक्षात आली नसेल असे वाटत नाही. मोठ्या सरदारांकडून काढलेली सत्ता सुलतानाकडे गेली. पण तो सुलतान तरुण, उतावळा आणि मद्याच्या आहारी गेलेला होता. सुलतानाच्या नावाने ती सत्ता वापरणारा वजीर हाच व्यवस्थेचा खांब होता. वजिराचा आधार म्हणजे सुलतानाचा विश्वास. तो डळमळला तर नियम राखणारी दुसरी कोणतीही संस्था राज्यात नव्हती.

मदरसा, ग्रंथ आणि राहणी

बीदरचा मदरसा १४७२ मध्ये पूर्ण झाला. तीन मजली इमारत, मध्ये प्रशस्त चौक, दर्शनी बाजूला उंच मनोरे आणि सर्व दर्शनी भागावर इराणी पद्धतीच्या रंगीत चिनी मातीच्या फरश्या, असे तिचे रूप होते. विद्यार्थी व शिक्षक तेथेच राहत. ग्रंथालयात सुमारे तीन हजार ग्रंथ असल्याचे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस, मोगल अमदानीत, तेथे ठेवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग आणि एक मनोरा कोसळला. उरलेला मनोरा व त्यावरील निळ्या-हिरव्या फरश्यांचे तुकडे आजही पाहता येतात.

गवान फारसी गद्याचा नामांकित लेखक होता. ‘रियाज-उल-इन्शा’ हा त्याच्या पत्रांचा संग्रह आणि ‘मनाझिर-उल-इन्शा’ हा पत्रलेखनकलेवरील ग्रंथ. इराणातील कवी जामी याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याने बीदरला यावे म्हणून गवानने आग्रह केला, पण जामी आला नाही.

त्याच्या राहणीविषयी दोन चित्रे आहेत. १४७० च्या आसपास चौल, जुन्नरमार्गे बीदरला आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन याने मलिक-उत-तुज्जारच्या वाड्यावरचा खडा पहारा, तबेल्यातले घोडे आणि रोज पंक्तीला बसणारी शेकडो माणसे यांचे वर्णन केले आहे. त्याच लिखाणात सरदार ऐश्वर्यात लोळतात आणि खेड्यांतले लोक अत्यंत दैन्यात आहेत, असेही तो नोंदवितो. उलट फिरिश्त्याच्या मते गवान चटईवर झोपे, मातीच्या भांड्यांत जेवी आणि स्वतःचा खर्च व्यापारातील नफ्यातून भागवी. दोन्ही चित्रे एकाच वेळी खरी असू शकतात. पहिले वजिराच्या कचेरीचे आहे, दुसरे माणसाचे. मात्र निकितिनचे शेवटचे निरीक्षण विसरता येत नाही : वजीर कितीही निःस्पृह असला तरी मोहिमांचा खर्च अखेर कुणब्याच्या शेतातूनच निघत होता.

येथे साधनांविषयी एक सावधगिरी हवी. फिरिश्ता विजापूरच्या आदिलशाही दरबारात, घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी लिहीत होता. आदिलशाहीचा संस्थापक युसूफ आदिलखान गवानला वडिलांच्या जागी मानीत असे. त्यामुळे गवानचे चित्र उजळ होणे आणि त्याच्या शत्रूंचे काळे होणे स्वाभाविक आहे. तथापि कटाचा मुख्य आराखडा इतिहासकारांनी सामान्यतः मान्य केला आहे.

कट आणि वध

विरोधकांचा म्होरक्या होता मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहरी. हाही मूळ ब्राह्मण. परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला, विजयनगरच्या मोहिमेत पकडला जाऊन मुसलमान झालेला. फेरमांडणीत तेलंगणाचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या वाट्याला केवळ राजमहेंद्री उरली. त्याचा पराक्रमी मुलगा मलिक अहमद याला गवानने माहूर तरफेत, खुदावंदखानाच्या हाताखाली जहागीर देऊन बापापासून दूर ठेवले होते. मलिक हसनच्या मनात ही सल खोल होती.

१४८१ मध्ये सुलतान पूर्व किनाऱ्यावरील मोहिमेत होता. त्याने कांचीपर्यंत धडक मारली होती. गवानचा विश्वासू युसूफ आदिलखान दुसऱ्या कामगिरीवर दूर असताना कटवाल्यांनी संधी साधली. गवानचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशी सेवकाला पैसा व दारू देऊन त्यांनी एका कोऱ्या कागदावर त्याच्या शिक्क्याचा ठसा मिळविला. त्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून मजकूर लिहिला गेला : सुलतानाच्या जुलमाला आम्ही कंटाळलो आहोत, तुम्ही स्वारी करा, आम्ही साथ देऊ. सुलतान मद्याच्या अमलात असताना मलिक हसनच्या उपस्थितीत ते पत्र त्याच्यापुढे ठेवण्यात आले.

गवानला तातडीचे बोलावणे गेले. जाऊ नये, आपल्या स्वारांनिशी गुजरातेत निघून जावे, असे स्नेह्यांनी सुचविले. त्याने ते मानले नाही. दरबारात सुलतानाने विचारले, की राजद्रोह्याला शिक्षा काय? गवानने उत्तर दिले, तलवार. तेव्हा पत्र दाखविण्यात आले. शिक्का आपला आहे, पत्र आपले नाही, एवढेच तो सांगू शकला. पत्र कोणी आणले, कोठे सापडले, याची चौकशी झाली नाही. सुलतानाने जौहर नावाच्या हबशी गुलामाला इशारा केला आणि उठून गेला. सत्तरीच्या वजिराने कलमा म्हणून मान पुढे केली.

वधानंतर सुलतानाने त्याची संपत्ती जप्त करण्यास माणसे पाठविली. खजिनदाराने हिशेब दाखविला : एक कोश सुलतानाचा, त्यातून सैन्याचा व घोडे-हत्तींचा खर्च चाले, दुसरा गरिबांचा, त्यात किरकोळ नाणी शिल्लक होती. पत्र बनावट असल्याचे सुलतानाला मग उमजले. तो पश्चात्तापाने पोळला आणि एक वर्षाच्या आत, मार्च १४८२ मध्ये, वयाच्या अठ्ठावीस-एकोणतीसाव्या वर्षी मरण पावला. बीदरजवळ गवानची कबर आहे. तिच्यावर बहमनी सुलतानांच्या कबरींसारखा घुमट नाही.

समांतर उदाहरण : थॉमस क्रॉमवेल

चार वर्षांनी, १४८५ मध्ये, इंग्लंडात ट्यूडर घराणे गादीवर आले. त्या घराण्यातील आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याची कारकीर्द गवानच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. लोहारकाम व दारू गाळण्याचा धंदा करणाऱ्याचा हा मुलगा. तोही तरुणपणी परदेशी फिरलेला आणि व्यापाराशी संबंध आलेला. त्याने राजाच्या नावाने मठांच्या मालमत्ता सरकारजमा केल्या, कारभाराची घडी बसविली आणि जुन्या उमरावांचा रोष ओढवून घेतला. १५४० च्या एप्रिलात तो अर्ल झाला, जूनमध्ये पकडला गेला आणि २८ जुलैला, न्यायालयात खटला न चालविता, त्याचा शिरच्छेद झाला. राजाला पुढे त्याचाही पश्चात्ताप झाला, असे फ्रेंच वकिलाने कळविले आहे.

साम्य उघड आहे. फरक अधिक बोधक आहे. क्रॉमवेलने आपले निर्णय पार्लमेंटच्या कायद्यांत घालून ठेवले होते. तो गेल्यावरही ते कायदे उरले. गवानच्या निर्णयांना त्याच्या शिक्क्यापलीकडे आधार नव्हता, आणि त्याच शिक्क्याने त्याचा घात केला.

वधानंतरचे वऱ्हाड

वधाची बातमी छावणीत पसरताच सर्वांत आधी वऱ्हाडचे दोघे तरफदार वेगळे झाले. फतहउल्ला इमाद-उल-मुल्क आणि खुदावंदखान यांनी गावील व माहूरच्या फौजा घेऊन सुलतानाच्या तळापासून दूर मुक्काम केला. सुलतानाने बोलावणे पाठविले, तेव्हा त्यांनी कळविले, की गवानसारख्याची ही गत होते तर आमचा भरवसा काय. युसूफ आदिलखान आल्यावर पाहू. फतहउल्ला दख्खनी आणि खुदावंदखान हबशी होता. म्हणजे आफाकी वजिराच्या वधाचा निषेध करणारे हे दोघेही त्याच्या तटाचे नव्हते. पुढे ते सुलतानाची रीतसर परवानगी न घेताच वऱ्हाडात परतले.

युसूफ आदिलखानाने गवानची विजापूरची तरफ मागून घेतली. मलिक हसन मुख्य वजीर झाला. पण काही वर्षांतच, १४८६ मध्ये, बीदरमध्ये त्याचाही खून झाला. नवा सुलतान महमूदशाह अल्पवयीन होता. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरील १४८७ चा शिलालेख या संधिकालाचा साक्षीदार आहे. दरवाजा बांधला फतहउल्लाने, पण त्यावर नाव आदराने कोरले आहे ते बहमनी सुलतानाचे. गवानच्या नियमाने त्याच्याकडे एकच किल्ला असायला हवा होता. आता गावीलगड आणि नरनाळा दोन्ही त्याच्या हाती होते. १४९० मध्ये त्याने स्वतंत्र कारभार सुरू केला, त्याच सुमारास विजापुरात युसूफने आणि अहमदनगरला मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद याने.

काही दशकांनी माहूरही इमादशाहीत आले आणि गवानने तोडलेले वऱ्हाड पुन्हा एक झाले. ते फार काळ टिकले नाही. शेवटचा राजा बुरहान इमादशाह लहान असताना त्याचा कारभारी तुफालखान याने सत्ता बळकावून राजालाच नरनाळ्यावर कैदेत ठेवले. त्याला सोडविण्याचे निमित्त करून अहमदनगरचा मुर्तजा निजामशाह, म्हणजे मलिक हसनचा वंशज, वऱ्हाडावर चालून आला. १५७४ मध्ये नरनाळा व गावीलगड पडले. राजा आणि कारभारी दोघेही कैदेत मेले आणि वऱ्हाड अहमदनगरच्या राज्याला जोडले गेले.